कवचाविना नौका, हिशेबाविना स्वावलंबन

१५ जानेवारी २०२५ रोजी मुंबईच्या नौदल गोदीत ‘सुरत’, ‘निलगिरी’ आणि ‘वाघशीर’ ही तीन जहाजे पंतप्रधानांच्या हस्ते नौदलात दाखल झाली. तिन्ही माझगाव गोदीत बांधलेली. आणि ती बांधणारे कामगार, आरेखक व तंत्रज्ञ अभिनंदनास पात्र आहेत याविषयी दुमत नाही. परंतु त्याच नौदल गोदीत, त्या सोहळ्याच्या अवघे सहा महिने आधी, २१ जुलै २०२४ रोजी, दुरुस्तीसाठी आलेल्या ‘ब्रह्मपुत्रा’ या युद्धनौकेला आग लागली, नौका एका कुशीवर कलंडली आणि एका खलाशाचा मृत्यू झाला. त्या दुर्घटनेची बातमी चार दिवसांत विरून गेली. नव्या नौकांच्या स्वागताला संपादकीये लिहिली जातात; जुन्या नौकांवर मरणाऱ्यांच्या वाट्याला शोकसंदेशाच्या चार ओळी येतात. देशाच्या संरक्षणव्यवस्थेचे वर्गीय स्वरूप समजून घ्यावयाचे असेल तर याच ठिकाणापासून आरंभ केला पाहिजे.

या प्रश्नावर दोन सोप्या भूमिका प्रचलित आहेत. एक सत्ताधाऱ्यांची : नौका आपल्या, क्षेपणास्त्रे आपली, देश स्वावलंबी झाला, आता शंका काढणारा तो देशद्रोही. दुसरी डाव्या व समाजवादी वर्तुळांतील : भुकेल्या देशाला क्षेपणास्त्रे कशाला, हा पैसा शाळा-दवाखान्यांवर खर्च करा, आणि एवढे म्हटले की आपले कर्तव्य संपले. पहिली भूमिका खोटी आहे. दुसरी खोटी नाही, पण अपुरी आहे. आणि तिच्या अपुरेपणामुळेच पहिलीचे फावते. समाजवाद्यांनी या क्षेत्राकडे पाठ फिरवली म्हणून खर्च एका रुपयानेही कमी झाला नाही. तो कसा व्हावा, कोणासाठी व्हावा आणि त्याचा जाब कोणी द्यावा, हे प्रश्न मात्र बेवारस राहिले.

नव्वद सेकंदांचा प्रश्न

नौकेवरील विमानवेधी क्षेपणास्त्र म्हणजे काय, हे प्रथम सरळ समजून घ्यावे. २१ ऑक्टोबर १९६७ रोजी इजिप्तच्या छोट्या बोटींनी सोव्हिएत बनावटीची क्षेपणास्त्रे डागून ‘ऐलात’ ही इस्रायली विनाशिका बुडवली आणि सागरी युद्धाचे गणित बदलले. चारच वर्षांनी, ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री, त्याच जातीच्या क्षेपणास्त्रांनी भारतीय नौदलाने कराचीसमोर पाकिस्तानी नौका बुडवल्या. लहानशी बोट मोठ्या युद्धनौकेला बुडवू शकते हे त्या रात्री आपण जगाला दाखवले. जी गोष्ट आपण दुसऱ्याच्या बाबतीत केली ती आपल्याही बाबतीत होऊ शकते, हा त्यातील दुसरा धडा.

समुद्राच्या पृष्ठभागापासून काही मीटर उंचीवरून येणारे क्षेपणास्त्र पृथ्वीच्या गोलाईमुळे नौकेच्या रडारला पंचवीस-तीस किलोमीटर अंतरावर आल्याखेरीज दिसत नाही. सेकंदाला तीनशे मीटर हा त्याचा वेग धरला, तर दिसल्यापासून आदळेपर्यंत सुमारे नव्वद सेकंद उरतात. तेवढ्या अवधीत ते ओळखणे, त्याचा माग धरणे, आपले क्षेपणास्त्र सोडणे आणि ते चुकले तर दुसरे सोडणे, हे सर्व घडावे लागते. हे कवच ज्या नौकेवर नाही, तिच्यावरील दोन-अडीचशे माणसे नशिबाच्या हवाली असतात. ही माणसे कोण? सैनिक टाकळी हे नाव मिरवणारे गाव याच कोल्हापूर जिल्ह्यातले. गडहिंग्लज, आजरा, चंदगड या तालुक्यांतून आणि घाटाखालच्या कोकणातून ज्या घरांतील मुले सैन्यात व नौदलात जातात ती अल्पभूधारकांची, शेतमजुरांची, गिरणी बंद पडून गावी परतलेल्यांची घरे आहेत. म्हणून कवचाचा प्रश्न हा श्रमिकांच्या मुलांच्या जिवाचा प्रश्न आहे. आक्रमक शस्त्रांना विरोध करणे आणि या मुलांना उघड्यावर सोडणे, या दोन गोष्टी एक नव्हेत.

९ डिसेंबर १९७१ रोजी ‘खुकरी’ बुडाली तेव्हा १८ अधिकारी आणि १७६ खलाशी तिच्याबरोबर गेले. ती पाणतीराने बुडाली, क्षेपणास्त्राने नव्हे. परंतु जुनी, मंदगती नौका आधुनिक पाणबुडीच्या शोधात धाडण्याची किंमत कोण मोजतो, हे त्या आकड्यांतून दिसते. १९४ पैकी १७६.

त्रिशूलची पंचवीस वर्षे

माझगावातील पहिली ‘निलगिरी’ १९७२ साली नौदलात आली. आराखडा ब्रिटिश, विमानवेधी क्षेपणास्त्रही ब्रिटिश. १९८३ मधील ‘गोदावरी’चा आराखडा भारतीय, पण क्षेपणास्त्र सोव्हिएत. सांगाडा आपण बांधावा आणि कवच दुसऱ्याकडून आणावे, ही परंपरा तेव्हापासूनची. ती मोडण्याचा रास्त प्रयत्न १९८३ मध्येच सुरू झाला. एकात्मिक क्षेपणास्त्र विकास कार्यक्रमात जी पाच क्षेपणास्त्रे हाती घेण्यात आली त्यांतील ‘त्रिशूल’ हे लघुपल्ल्याचे विमानवेधी क्षेपणास्त्र नौदलासाठीही होते.

‘त्रिशूल’च्या भरवशावर नौकांचे आराखडे ठरले. कलकत्त्याच्या गार्डन रीच गोदीत ‘ब्रह्मपुत्रा’ बांधून तयार झाली, एप्रिल २००० मध्ये नौदलात दाखलही झाली. पण ‘त्रिशूल’ तयार नव्हते. लाटांना लगटून येणाऱ्या लक्ष्याचा माग ठेवण्याचे कठीण काम त्याला समाधानकारकपणे साधेना. अखेर ऑक्टोबर २००० मध्ये इस्रायलकडून ‘बराक’ घेण्याचा करार झाला : सात यंत्रणा आणि दोनशे क्षेपणास्त्रे, एकंदर सुमारे २७ कोटी डॉलर. ‘त्रिशूल’ कार्यक्रम २००८ मध्ये गुंडाळण्यात आला. पंचवीस वर्षे!

‘बराक’ कराराच्या वेळी समाजवादी चळवळीतून आलेले जॉर्ज फर्नांडिस संरक्षणमंत्री होते. या व्यवहारात दलाली दिली गेल्याच्या आरोपावरून २००६ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने त्यांच्यासह इतरांवर गुन्हा नोंदवला आणि पुरेसा पुरावा नसल्याचे सांगून २०१३ मध्ये तपास बंद केला. त्या सात वर्षांत वृत्तपत्रांनी आणि विरोधी पक्षांनी जो गदारोळ केला तो सारा दलालीभोवती फिरला. दलालीचा प्रश्न विचारलाच पाहिजे. पण त्याहून मूलभूत प्रश्न जवळजवळ कोणीच लावून धरला नाही : १९८३ पासून चाललेला स्वदेशी प्रयत्न का फसला? वैज्ञानिकांना पैसा कमी पडला, माणसे कमी पडली, की अपयश वेळीच मान्य करण्याचे धैर्य कमी पडले? हा प्रश्न समाजवाद्यांनी विचारावयास हवा होता; कारण सार्वजनिक क्षेत्रावर त्यांची श्रद्धा आहे, आणि श्रद्धा असणाऱ्यानेच हिशेब मागावयाचा असतो. आपला जुना सहकारी अडचणीत आहे म्हणून काहींनी मौन पाळले आणि तो भाजपच्या मंत्रिमंडळात बसला म्हणून काहींनी टाळ्या पिटल्या. दोन्ही गटांनी धोरणाची चर्चा टाळली.

धोरण चुकले याचा पुरावा पुढील पंधरा वर्षांत पुन्हापुन्हा मिळाला. २००० मध्ये वाजपेयी सरकारच्या काळात ‘ब्रह्मपुत्रा’ क्षेपणास्त्राच्या कवचाविना दाखल झाली. नोव्हेंबर २०१३ मध्ये, मनमोहन सिंग सरकारच्या काळात, ‘विक्रमादित्य’ ही विमानवाहू नौका कवचाविना दाखल झाली. ऑगस्ट २०१४ मध्ये मोदी सरकारच्या काळात ‘कोलकाता’ ही विनाशिका मुंबईत समारंभपूर्वक दाखल झाली. तिच्यासाठी २००६ पासून इस्रायलबरोबर विकसित होत असलेले दूरपल्ल्याचे क्षेपणास्त्र तिच्यावरून प्रथम डागले गेले ते डिसेंबर २०१५ च्या अखेरीस. तीन सरकारे, तीन नौका, एकच प्रकार. पक्ष बदलले, समारंभ आधी आणि सुरक्षितता नंतर ही रीत बदलली नाही.

आज जे क्षेपणास्त्र ‘आपले’ म्हणून सांगितले जाते त्यात आपला वाटा आहे, तो नाकारण्याचे कारण नाही. त्याची प्रणोदक मोटर भारतीय आहे, जुळणी हैदराबादच्या भारत डायनॅमिक्समध्ये होते. पण त्याला दृष्टी देणारे रडार इस्रायली घडणीचे आहे, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये सात नौकांसाठी ७७ कोटी ७० लाख डॉलरचा जो करार झाला तो भारत इलेक्ट्रॉनिक्सने इस्रायली कंपनीला दिलेला होता. ज्या राज्याने गाझा बेचिराख केली त्याच्याच यंत्रणेवर आपल्या नौकांचे प्राण अवलंबून असतील, तर संयुक्त राष्ट्रसंघात भारताच्या प्रतिनिधीचा हात वर जाताना का अडखळतो याचे उत्तर शोधावयास फार दूर जावे लागत नाही. लघुपल्ल्याचे जे नवे स्वदेशी क्षेपणास्त्र फेब्रुवारी २०२१ पासून ओडिशाच्या किनाऱ्यावर चाचण्या देत आहे, त्याचे म्हणूनच स्वागत केले पाहिजे. मात्र ‘त्रिशूल’चा हिशेब मागितला गेला नाही तसा याचाही मागितला गेला नाही, तर इतिहासाची पुनरावृत्ती टळणार नाही.

कोल्हापूरला हा धडा नवा वाटू नये. १७५६ मध्ये पेशव्यांनी इंग्रजांच्या मदतीने विजयदुर्गावर तुळाजी आंग्र्यांचे आरमार बुडवले. घरच्या भांडणासाठी परक्याचे आरमार उसने घेतले. नऊच वर्षांनी, १७६५ मध्ये, त्याच इंग्रजांनी कोल्हापूरकरांचा सिंधुदुर्ग घेतला. तो परत मिळाला खरा, पण १८१२ च्या तहाने मालवण कायमचे गेले. उसन्या शस्त्राचे व्याज असे फेडावे लागते.

घसारा कोणाच्या खात्यावर?

नव्या नौका थोड्या आणि जुन्या अनेक, ही कोणत्याही नौदलाची वस्तुस्थिती असते. म्हणून जुन्या नौकांचे आधुनिकीकरण अपरिहार्य आहे : तीस वर्षांच्या सांगाड्यावर नवे रडार, नवी क्षेपणास्त्रे, नव्या तारा, नवी वातानुकूलन यंत्रे. हे काम नवी नौका बांधण्यापेक्षा कमी कौशल्याचे नाही, अनेकदा अधिकच. जुन्या घराची वीजजोडणी नवी करणाऱ्या कारागिराला विचारावे. पण दुरुस्तीला फीत कापता येत नाही, आणि येथेच अर्थशास्त्राचा एक साधा मुद्दा उपस्थित होतो.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातील लहानसा कारखानदारही आपल्या लेथ यंत्राचा दरवर्षीचा घसारा वहीत मांडतो. भारत सरकारचा अर्थसंकल्प मात्र रोखीच्या पद्धतीने मांडला जातो. नौका घेतली तेव्हा खर्च दिसतो. ती दरवर्षी किती झिजली हे कोठेही दिसत नाही. दुरुस्ती पुढे ढकलली तर त्या वर्षी बचत झाल्याचे दिसते. झीज कागदावर येत नाही, ती एके दिवशी आगीच्या आणि स्फोटाच्या रूपाने येते.

ती कशी आली हे पाहावे. जानेवारी २०११ मध्ये ‘विंध्यगिरी’ मुंबईजवळ व्यापारी जहाजाशी झालेल्या टकरीनंतर पेटली आणि गोदीत बुडाली. १४ ऑगस्ट २०१३ रोजी रशियातून आधुनिकीकरण करून नुकतीच परतलेली ‘सिंधुरक्षक’ पाणबुडी मुंबईच्या गोदीत स्फोटाने नष्ट झाली. १८ जण ठार झाले. फेब्रुवारी २०१४ मध्ये ‘सिंधुरत्न’वर धूर कोंडून दोन अधिकारी मेले आणि नौदलप्रमुख ॲडमिरल जोशी यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. ५ डिसेंबर २०१६ रोजी ‘बेतवा’ सुक्या गोदीत आडवी झाली, दोघे मेले. १८ जानेवारी २०२२ रोजी १९८६ सालच्या ‘रणवीर’मध्ये स्फोट झाला, तिघे मेले. मग २०२४ ची ‘ब्रह्मपुत्रा’. यांतील एकही नौका शत्रूने बुडवलेली नाही.

नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २००७-०८ ते २०१५-१६ या काळात नौदलाच्या जहाजांचे व पाणबुड्यांचे ३८ अपघात मोजले. एका नौदलप्रमुखाने राजीनामा देऊन नैतिक जबाबदारी स्वीकारली, हे त्याला भूषणावह आहे. संरक्षणमंत्रालयात मात्र कोणाचीही खुर्ची हलली नाही. दुरुस्तीचा पैसा आणि सुट्या भागांची खरेदी ज्यांच्या सहीने होते ते नामानिराळे राहिले.

जुने जहाज स्वस्तात मिळते या भ्रमाचे उत्तर ‘विक्रमादित्य’ने दिले आहे. रशियाने जहाज फुकट दिले असे २००४ मध्ये सांगण्यात आले. फक्त दुरुस्तीचे ९७ कोटी ४० लाख डॉलर द्यावयाचे होते. तो आकडा २०१० पर्यंत २३५ कोटी डॉलरवर गेला. आणि एवढे देऊन आलेल्या नौकेवर शत्रूच्या क्षेपणास्त्रापासून बचाव करणारी यंत्रणाच नव्हती.

कवच आहे पण ते सांभाळणारी व्यवस्था नाही, तर काय होते हेही जगाने पाहिले आहे. ४ मे १९८२ रोजी फॉकलंड युद्धात बुडण्याइतकी जखमी झालेली ‘शेफील्ड’ ही विमानवेधी क्षेपणास्त्रांनी सज्ज नौकाच होती. तिच्यावरचे वीस जण मेले. त्यावरील लष्करी चौकशीचा संपूर्ण अहवाल ब्रिटनने २०१७ मध्ये खुला केला आणि नौकेवरील मंडळी सावध नव्हती हे कबूल केले. एप्रिल २०२२ मध्ये काळ्या समुद्रात बुडालेली रशियाची ‘मॉस्क्वा’ १९७९ मध्ये पाण्यात उतरलेली. दूरपल्ल्याची विमानवेधी क्षेपणास्त्रे तिच्यावर होती, तिला ती वाचवू शकली नाहीत. यंत्र विकत मिळते. ते चालते ठेवणारी माणसे वर्षानुवर्षे घडवावी लागतात.

माणसे कोठे आहेत?

आणि याच माणसांच्या बाबतीत सरकारचे धोरण उलट्या दिशेचे आहे. २०२२ च्या अग्निपथ योजनेने नौदलातील नव्या खलाशाची नोकरी चार वर्षांची केली. त्यानंतर चौघांपैकी फार तर एकाला कायम करावयाचे ठरले. रडार, क्षेपणास्त्र आणि जुन्या नौकेचे यंत्रघर यांचे ज्ञान हाताला लागेपर्यंत तो मुलगा घरी परतावयाचा. १९८६ च्या नौकेतील कोणती झडप कुरकुरते हे पुस्तकात लिहिलेले नसते; ते दहा-पंधरा वर्षे त्या नौकेवर राबलेल्याला माहीत असते. निवृत्तिवेतन वाचवण्यासाठी हे ज्ञान मोडीत काढणे म्हणजे छप्पर विकून छत्री घेणे होय.

गोदीतही तेच. २०२० मध्ये माझगाव गोदीचे समभाग १४५ रुपयांना बाजारात विकले गेले आणि त्यांवर भांडवलदारांच्या उड्या पडल्या. भारत डायनॅमिक्सची विक्री २०१८ मध्येच झाली होती. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ बरखास्त करून त्याच्या सात कंपन्या केल्या आणि कामगारांनी आवाज उठवू नये म्हणून संपबंदीचा कायदा वर्षभराच्या मुदतीने आणला. जनतेच्या करातून उभ्या राहिलेल्या गोदीचा नफा भागधारकांकडे, आणि धोका कायम व कंत्राटी कामगारांकडे. यालाच जर स्वावलंबन म्हणावयाचे असेल, तर ‘स्व’ कोण हे एकदा स्पष्ट करावे.

फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईच्या ‘तलवार’ तळावरील खलाशांनी निकृष्ट अन्न आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची शिवीगाळ यांविरुद्ध बंड केले, तेव्हा गिरणगाव त्यांच्या पाठीशी उभा राहिला आणि अरुणा असफअली त्यांच्यासाठी धावल्या. खलाशी आणि कामगार यांचे हित एक आहे हे त्या वेळी समाजवाद्यांना सांगावे लागत नव्हते. आज ते नव्याने सांगावे लागते, ही चळवळीची शोकांतिका आहे.

मागण्या

येथे एक आक्षेप घेतला जाईल : संरक्षणखर्चातून कोल्हापूरच्या फाउंड्रींना कामे मिळवून देण्याची ही वकिली तर नव्हे? तसे नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या ओतकामाच्या कारखान्यांना मोटारउद्योगाच्या तेजी-मंदीवर लटकावे लागते, हे खरे. पण रोजगारासाठी क्षेपणास्त्रे बनवा असे म्हणणारा अर्थशास्त्र आणि माणुसकी दोन्ही विसरलेला असतो. तेवढ्याच रुपयांत पाटबंधारे आणि आरोग्यसेवा अधिक हातांना काम देतात. सांगणे एवढेच आहे की, जो खर्च टळू शकत नाही तो देशातील कारागिरांच्या हातून व्हावा, आणि जो टळू शकतो तो टाळावा. तिसऱ्या विमानवाहू नौकेचा थाट टळू शकतो. समुद्रावर असलेल्या नौकांचे कवच आणि त्यांची दुरुस्ती टळू शकत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये गुजरातच्या किनाऱ्यापासून दूर ‘केम प्लूटो’ या व्यापारी जहाजावर ड्रोन आदळला. काही हजार डॉलरच्या ड्रोनमागे काही लाख डॉलरचे क्षेपणास्त्र खर्ची घालण्याची पाळी तांबड्या समुद्रात मातब्बर आरमारांवर आली. अशा काळात एका अवाढव्य नौकेत सारे भांडवल गुंतवणे हे शहाणपणाचे नव्हे.

म्हणून पक्षाने आपल्या व्यासपीठांवरून पुढील मागण्या निःसंदिग्धपणे मांडल्या पाहिजेत. नौदलातील प्रत्येक प्राणघातक अपघाताचा चौकशी अहवाल संसदेच्या संरक्षणविषयक समितीपुढे यावा, मृतांच्या कुटुंबीयांना त्याचा निष्कर्ष लेखी मिळावा आणि ठराविक वर्षांनंतर तो जनतेला खुला व्हावा. नियोजित कवचाशिवाय कोणतीही नौका दाखल करू नये. केल्यास मंत्र्यांनी कारणांसह संसदेत निवेदन करावे. दुरुस्ती व आधुनिकीकरण यांसाठी स्वतंत्र, न वळवता येणारी तरतूद असावी आणि नौकांच्या झिजेचा हिशेब दरवर्षी मांडला जावा. तांत्रिक विभागांतील खलाशांना चार वर्षांच्या करारातून वगळावे. गोद्यांमध्ये कामगारांनी निवडलेले प्रतिनिधी सुरक्षा समित्यांवर असावेत, कंत्राटी कामगारांसह. आणि माझगाव गोदी, भारत डायनॅमिक्स व भारत इलेक्ट्रॉनिक्स यांचे उरलेले समभाग विकणे थांबवावे.

यांतील एकाही मागणीने लष्करी गुपित फुटत नाही. फुटते ती फक्त मंत्रालयाची बेपर्वाई. युद्धखोरीला विरोध करण्याचा समाजवाद्यांचा अधिकार अबाधित आहे. पण ज्याच्या मुलाला आपण समुद्रावर पाठवतो त्या शेतमजुराला, तुझा मुलगा शत्रूच्या क्षेपणास्त्रापासून आणि आपल्याच सरकारच्या हलगर्जीपणापासून सुरक्षित राहील यासाठी आम्ही भांडतो आहोत, असे सांगता आले पाहिजे. तालुक्या-तालुक्यांतील कार्यकर्त्यांनी अशा घरांत जावे, माजी सैनिकांच्या आणि गोदी कामगारांच्या संघटनांशी बोलावे, आणि या मागण्या त्यांच्या सह्यांनिशी खासदारांच्या हाती द्याव्यात.